शटर ओढण्याआधी

किराणा दुकानात सकाळी बिस्किटांचा माल उतरतो. खोके फोडून पुडे फळीवर लागतात आणि रिकामे खोके पायरीशी रचले जातात. त्या घटकेला त्या पुठ्ठ्याला भाव असतो. भंगारवाला तो किलोवर उचलतो, गोदामात त्याच्या गाठी बांधल्या जातात, गाठी वापीकडच्या किंवा आपल्याच राज्यातल्या एखाद्या क्राफ्ट कागदाच्या गिरणीत जातात आणि त्या पुठ्ठ्याचा पुन्हा खोका होतो. पण दुपारी त्याच खोक्यात कोणीतरी चहाचे कप टाकतो. फुटलेली तेलाची पिशवी पुसलेले फडके त्यात जाते. संध्याकाळी शेजारच्या गाडीवरची तर्रीने माखलेली प्लेट येऊन पडते. रात्री शटर ओढायच्या वेळी खोका भिजलेला, तेलकट आणि जड झालेला असतो. आता त्याला कोणी हात लावत नाही. तेल मुरलेल्या पुठ्ठ्याचा लगदा गिरणीला चालत नाही, कारण त्यातून निघालेल्या कागदावर डाग राहतात. सकाळी ज्याचे पैसे मिळाले असते, ते रात्री कोणाला तरी पैसे देऊन हलवावे लागते.

या आठ-दहा तासांत जे घडते तोच या पुस्तिकेचा विषय. कचऱ्यावर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते मुख्यतः घरासाठी. हिरवा डबा, निळा डबा, शाळेतली चित्रकला स्पर्धा आणि घरातल्या बाईला उपदेश. खानावळवाला, शिंपी, गॅरेजवाला, झेरॉक्सवाला यांच्या वाट्याला थेट दंडाची पावती येते; मधले काही नाही. खरे पाहता बाजारपेठेतला कचरा घरच्या कचऱ्यापेक्षा सोपा असतो, कारण तो एकसुरी असतो. घरच्या डब्यात रोज नाना तऱ्हेच्या वस्तू पडतात. शहाळेवाल्याकडे फक्त शहाळ्यांची टरफले, फुलवाल्याकडे देठ आणि कोमेजलेली फुले, कापडवाल्याकडे पुठ्ठा आणि पातळ पिशव्या. एकाच जातीचा माल, रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी निघतो. पुनर्वापराच्या धंद्यात असलेल्या माणसाला याहून चांगला पुरवठादार मिळणार नाही. तरीही बहुतेक गावांत रात्री दहानंतर बाजारपेठेच्या कोपऱ्यावर ढीग साचतो तो साचतोच.

त्याचे एक कारण अगदी साधे आहे आणि कोणत्याही फलकावर ते लिहिलेले नसते. घंटागाडी सकाळी सात-आठला येते. तेव्हा दुकान बंद असते. दुकान उघडते दहाला, कचरा जमतो दिवसभर आणि टाकायची वेळ येते रात्री. घरांसाठी आखलेल्या वेळापत्रकात बाजारपेठ बसत नाही. रात्रभर दुकानात ठेवावा तर उंदीर आणि वास. मग नोकर पोऱ्या जाताना ती पिशवी खांबाशी टेकवतो, पाठोपाठ दुसरा टेकवतो, आणि सकाळपर्यंत गाई-कुत्र्यांनी ती फाडलेली असते. यात वाईट सवयीपेक्षा वाईट आखणीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत. ज्या शहरांत बाजारपेठेसाठी रात्रीची वेगळी फेरी सुरू झाली तिथले कोपरे लवकर मोकळे होतात. नगरपालिकेकडे व्यापारी संघटनेने पहिली मागणी करायची ती या फेरीची. कुंड्या मागू नयेत. कुंडी ठेवली की सगळे एकत्र पडते, आणि एकत्र पडले की संपले.

एकत्र पडणे म्हणजे काय होते, हे कळायला भंगाराचा धंदा थोडा समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे पुनर्वापर कोणत्याही सरकारी योजनेच्या आधीपासून चालत आलेला आहे. वेचणारी बाई किंवा हातगाडीवाला, गल्लीतला छोटा भंगारवाला, एकेका जातीचाच माल घेणारा मोठा गोदामवाला आणि शेवटी गिरणी, भट्टी किंवा प्लास्टिकचे दाणे पाडणारा कारखाना, अशी ही साखळी. प्रत्येक पायरीवर माल आणखी निवडला जातो आणि त्याचा भाव वाढतो. रद्दीत वर्तमानपत्र वेगळे, पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. लोखंड, पत्रा, पितळ, तांबे यांचे भाव वेगवेगळे. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवे काढायला लागते त्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. म्हणूनच शीतपेयाचा रिकामा डबा रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही. बाजार त्याला शोधत येतो. प्लास्टिकमध्ये पाण्याची बाटली, तिचे झाकण आणि तिच्यावरचे वेष्टन हे तीन वेगळे माल आहेत. शिकलेल्या माणसाला ते एक दिसतात. वेचणाऱ्या बाईला वाजवून, वाकवून, कधी जाळून पाहून त्यांतला फरक कळतो.

या ज्ञानाला पुण्यात संघटनेचे रूप मिळाले. हमाल पंचायतीच्या डॉ. बाबा आढावांच्या साथीने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर वाकून वेचणाऱ्या, बहुतांश दलित समाजातल्या बायकांनी आपण कामगार आहोत आणि शहराचा पैसा वाचवतो आहोत, हे महापालिकेला मान्य करायला लावले. पुढे २००७ साली याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यानंतर दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी करार झाला. उकिरड्यावर जाऊन वेचण्याऐवजी दारातच वेगळा कचरा हातात मिळवायचा, घराकडून व दुकानाकडून महिन्याचे शुल्क घ्यायचे आणि सुका माल विकून आलेला पैसा स्वतःकडे ठेवायचा, असा हा हिशेब आहे. त्याच्यावर वाद झाले, होत राहतील. पण पुस्तिका वाचताना एवढे लक्षात असावे की ‘प्रक्रिया प्रकल्प’ हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे मोठी यंत्रे येत असली, तरी निवडण्याचे काम आजही मुख्यतः या हातांनीच होते. त्यांच्यापर्यंत माल कोरडा आणि सुटा पोचवणे, एवढेच दुकानदाराच्या अखत्यारीतले आहे. तेवढे केले तर बाकीची साखळी आपोआप चालते.

हॉटेल आणि खानावळ हा मात्र वेगळा प्रांत. तिथे सुका माल दुय्यम आणि ओल्याचे राज्य. पुस्तिकेत या प्रकरणाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत ती योग्यच. खानावळीतल्या ओल्या कचऱ्याचे तीन प्रवाह असतात आणि ते मुळापासून निरनिराळे आहेत. भाज्यांची देठे, साली, कांद्याची टरफले हा पहिला. ताटातले उष्टे हा दुसरा. आणि तळणाचे जुने तेल हा तिसरा. साली-देठांचे खत सहज होते. उष्ट्यात मीठ, तेल आणि पाणी जास्त असते, त्यामुळे तेच खत करायला गेले की आंबट वास सुटतो आणि माशा येतात. शेजारी तक्रार करतात, मालक कंटाळतो, खताची टाकी मागच्या बोळात पालथी पडून राहते. दोष बहुधा तंत्राचा नसतो, कोरडी जोड न दिल्याचा असतो. ओल्या खाद्यात नत्र भरपूर आणि कर्ब कमी. वाळलेला पाला, भुसा, नारळाचा काथ्या टाकला की कर्ब वाढतो, हवा खेळते आणि वास थांबतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावे लागते. एवढे गणित खानावळीच्या आचाऱ्याला सांगायची गरज नाही. एक बादली ओले टाकले की दोन बादल्या पाला पसर, असे सांगितले की तो ते डोळ्यांनीच सांभाळतो.

उष्ट्यासाठी गॅस बरा. पुण्यातील ‘आरती’ म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिले की शेणापेक्षा पिठूळ आणि साखर असलेले खाद्य सूक्ष्मजंतूंना कितीतरी सोपे जाते. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून उरलेला चोथा; त्यात ऊर्जा थोडीच शिल्लक असते. भात, पोळी, उकडलेला बटाटा यांत ती जवळजवळ सगळी असते. त्यामुळे थोड्या खाद्यातून, थोड्या दिवसांत, लहान टाकीत गॅस मिळतो. या छोट्या संयंत्राला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणावर हेच काम भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांच्या ‘निसर्गऋण’ संयंत्राने केले: आधी गरम पाण्याच्या मदतीने खाद्याचा लगदा पचनाला तयार करायचा, मग बंद टाकीत सोडायचा. पाच-दहा खानावळींनी मिळून एक संयंत्र चालवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. अडते ते दुसरीकडे. उष्ट्यात टूथपिक, लिंबाच्या फोडी, सॉसच्या पुड्या आणि टिश्यू येतात. लिंबाच्या आंबटाने टाकीतले जंतू मंदावतात आणि प्लास्टिकच्या पुडीने नळी तुंबते. म्हणजे पुन्हा तेच. गॅसचा प्रश्न टाकीपाशी सुटत नाही, ताटे विसळणाऱ्या पोऱ्याच्या हातापाशी सुटतो. आणि त्या पोऱ्याला महिन्याकाठी शंभर-दोनशे रुपये जास्त देण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. ‘२४ तासांत खत’ देणारी विजेवरची यंत्रे सध्या सोसायट्यांना आणि हॉटेलांना विकली जातात. त्यांतली बरीचशी कचरा तापवून वाळवतात आणि त्याचा चुरा करतात. चुरा तपकिरी दिसतो, आकारमान घटते, कागदावर काम पूर्ण होते. पण वाळलेले अन्न म्हणजे खत नव्हे. तो चुरा कुंडीत घालून पाणी दिले की कुजणे तिथे नव्याने सुरू होते आणि झाड कोमेजते. यंत्र घ्यायचेच असेल तर विक्रेत्याला एकच विचारावे: बाहेर आलेला माल आणखी किती दिवस मुरवावा लागेल? सरळ उत्तर आले तर पुढे बोलावे.

तळणाच्या तेलाबद्दल थोडे. वडापाव, भजी, फरसाण यांवर आपली शहरे चालतात, आणि वापरलेले तेल गटारात ओतले की थंड होऊन नळीच्या आत चिकटते. त्याहून वाईट म्हणजे ते स्वस्तात दुसऱ्या गाडीवाल्याला विकले जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तेलातील ध्रुवीय घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. हे जुने तेल आता जैवडिझेलसाठी विकत घेतले जाते. लहान गाडीवाल्याकडे एवढे तेल साचत नाही हे खरे, पण एका रस्त्यावरच्या वीस गाड्यांचे मिळून पिंप भरते. पिंप ठेवायला जागा कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो.

प्लास्टिकबद्दल व्यापाऱ्यांत जितका राग आहे तितकाच गोंधळ आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिने कैद. केंद्राने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकच्या प्लेटा, चमचे, पेले आणि मिठाईच्या खोक्यावरचे पातळ आवरण यांवर देशभर बंदी घातली. नियम स्पष्ट आहेत, पण त्यांच्या आडून जे पर्याय बाजारात आले त्यांनी फसवणूक केली. कागदी कपाला आतून पॉलिथिनचे अस्तर असते. तो धड कागदात जात नाही, धड प्लास्टिकमध्ये. ‘कापडी’ म्हणून हातात पडणारी, दाबून चिकटवलेली न विणलेली पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. छापील बिलाचा गुळगुळीत कागद उष्णतेने छापला जाणारा असतो, त्याच्यावर रसायनाचा थर असतो. तो रद्दीत घालू नये. आणि वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ आकडा दिसला की ती वस्तू पुन्हा वापरात येते, असा समज आहे तो चुकीचा. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने सुरू केलेला हा आकडा फक्त जात सांगतो. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे जाड डबे व कॅन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. यांना आपल्याकडे गिऱ्हाईक आहे. ७ आकड्याला बहुधा नाही. वेफर्सच्या चकचकीत पुडीला मुळीच नाही, कारण तिच्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. ती गोळा झाली तरी सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. ज्या पुडीसाठी दुकानदाराला दोष दिला जातो ती त्याने बनवलेली नाही. तो भार उत्पादकाने उचलायला हवा, आणि कायद्यात तशी तरतूदही आहे.

बाकीच्या धंद्यांची प्रकरणे लहान आहेत. शिंप्याच्या चिंध्या गॅरेजला पुसायला लागतात. दोघे एकाच गल्लीत असून एकमेकांना ठाऊक नसतात. गॅरेजचे जळके ऑइल मात्र घातक कचऱ्यात मोडते, ते मातीत ओतू नये. जुन्या बॅटरीची अडचण कधीच येत नाही, कारण नवी घेताना जुनीचे पैसे वळते होतात. इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या जुन्या ट्यूबलाइटींत पारा असतो, त्या फोडून टाकणे सर्वांत वाईट.

कायद्याने रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला मोठा निर्माता ठरवले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशांना आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. मोठी हॉटेले, मंगल कार्यालये त्यात आली. पण ज्याच्याकडे रोज आठ किलो निघतो असा दुकानदार या रेषेच्या खाली राहतो, आणि अशी दुकाने एका पेठेत शेकड्याने असतात. त्यांचे सगळ्यांचे मिळून जे होते ते शेवटी कुठल्यातरी गावाच्या उशाशी जाते. पुण्याचे ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेले. तिथल्या विहिरींचे पाणी खराब झाले, ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मुंबईचे देवनारला गेले, जिथे १९२७ पासून ढीग रचला जातो आहे आणि जिथली २०१६ ची आग उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसली. उलट वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपालिकेने ओला-सुका एवढ्यावर न थांबता कचरा अनेक प्रकारांत वेगळा करायला लावला आणि डेपोच्या जागी लोक बघायला येतील असे ठिकाण केले. वेंगुर्ल्याचे उदाहरण देताना लोक ‘छोटे गाव आहे, जमते’ म्हणतात. बाजारपेठ हेही एक छोटे गावच आहे, हे ते विसरतात.

पुनर्वापराचे कौतुक करताना एक गोष्ट मला वारंवार खटकते. ज्या व्यवस्थेत वस्तू वितळवावीच लागत नाही ती आपल्याकडे आधीच होती आणि आपण ती सोडत चाललो आहोत. सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट, दुधाचे कॅन, वीस लिटरचा पाण्याचा जार, गॅसचे सिलिंडर. अनामत भरायची, रिकामे परत करायचे, भरलेले घ्यायचे. गिऱ्हाईक एकदाही कुरकुरत नाही, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात. गोणपाटात येणारी डाळ आणि पत्र्याच्या डब्यात येणारे तेलही असेच फिरत असे. मिठाईवाल्याने स्टीलचा डबा आणणाऱ्याला किलोमागे चार रुपये सूट दिली तर खोक्याचाच खर्च वाचतो. हा हिशेब पुस्तिकेत आकड्यांसह मांडला आहे, तो आधी वाचावा.

एका मुद्द्यावर मात्र माझे संपादकांशी पटले नाही. पुस्तिका दुकानदाराला सांगते की आपला पुठ्ठा आणि बाटल्या स्वतः साठवा, मोठ्या भंगारवाल्याला थेट विका, चार पैसे जास्त मिळतील. हिशेब बरोबर आहे. पण जी बाई रोज दाराशी येते ती फक्त पुठ्ठा नेत नाही. ती चहाच्या गाळाची पिशवी आणि झाडलोटही नेते. तिचे पोट महिन्याच्या शुल्कावर भरत नाही, पुठ्ठ्यावर भरते. चांगला माल दुकानदाराने ठेवून घेतला आणि घाण तेवढी तिच्या गाडीत टाकली, तर काही महिन्यांत ती येणे बंद करील आणि मग पिशवी पुन्हा खांबाशी जाईल. संपादकांचे म्हणणे असे की दुकानदार नफ्याशिवाय वेगळे करायला लागणार नाही. आधी सवय लागू द्या, मग वाटणीचे बघू. त्यांनी ते प्रकरण तसेच ठेवले आहे आणि माझा आक्षेप इथे छापायला हरकत घेतलेली नाही. वाचकाने आपल्या गल्लीत कोण येते आणि काय नेते हे पाहून दोघांपैकी कोणाचे ऐकायचे ते ठरवावे.